फळ्या आतल्या अंगाला

“हे कुंपण कशापायी गं?” आप्पांनी विचारलं.

अंगणात जांभळाच्या फळ्यांचा ढीग पडला होता आणि आप्पा त्याच्यापुढं उकिडवे बसून एकेक फळी उचलत होते. फळीचं एक टोक जमिनीला, दुसरं डोळ्याशी. डावा डोळा मिटायचा, उजव्यानं कडेवरून नजर सोडायची आणि फळी कुठं वाकलीय ते सांगायचं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, पण त्या डोळ्याला अजून दोरीची गरज लागत नव्हती.

“डुकरांपायी, आप्पा,” मी म्हटलं. “परवा रताळ्याचा वाफा उकरून गेली न्हवं का.”

“व्हय व्हय. उकरला खरा.” त्यांनी फळी उजव्या हाताला ठेवली, म्हणजे ती पास झाली. “मग बुडाला फट ठेवायची न्हाई. डुक्कर आदी नाक घालतंय. नाक गेलं की सगळं डुक्कर गेलं.”

ते हसले. मीही हसले. दुसरी फळी उचलता उचलता त्यांनी मान वर केली.

“मालन, हे कुंपण कशापायी गं?”

ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. वाडीतली अंगणवाडी चालवत होते आणि आप्पांबरोबर राहत होते. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. माझं लग्न मोडलं ते त्याच्याही आधी. मी सासरहून चिठ्ठी धाडली, तेव्हा आप्पा दुसऱ्या दिवशी दारात हजर झाले होते. काय झालं, कुणाचं चुकलं, एक शब्द विचारला नाही. माझी ट्रंक खांद्यावर घेतली आणि म्हणाले, “चल.” एवढंच. पुढं कधीही तो विषय त्यांनी काढला नाही.

केरबा सुतार म्हटलं की वेदगंगेच्या खोऱ्यात तीसेक गावांत माणसं पाट सरकवत. कुणाचं घर, कुणाचं देऊळ, कुणाची बैलगाडी. आप्पांचा हात कुठं लागला नाही असं गावच नव्हतं. म्हणूनच पुढं सगळं अवघड झालं. त्यांना स्मृतिभ्रंश झाला तेव्हा ते विसरले ते कालचं आणि आजचं. चाळीस वर्षांपूर्वीची कामं मात्र डोक्यात जशीच्या तशी राहिली, आणि ती सगळी अर्धवट आहेत असं त्यांना वाटायला लागलं. जेवून उठायचे, हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवायचे आणि निघायचे. पहिल्यांदा पाटलांच्या मळ्यात सापडले. कधीच पडून गेलेल्या गोठ्याच्या जागी उभे होते आणि विचारत होते, वासे कुणी नेले? दुसऱ्यांदा गारगोटीच्या रस्त्यावर एसटीच्या ड्रायव्हरनं ओळखलं आणि गाडीत घालून आणून सोडलं. तिसऱ्यांदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते नदीच्या उतारात उभे सापडले. कमरेएवढं पाणी, एका हातानं करंजाची फांदी धरलेली आणि दुसऱ्या हातानं पिशवी डोक्यावर. पलीकडच्या गावातल्या देवळाचा दरवाजा बसवायचा राहिलाय म्हणत होते. तो दरवाजा मी जन्मले त्या वर्षी बसवलेला.

आणखी चार पावलं टाकली असती तर डोहच होता.

माझा थोरला भाऊ सर्जेराव कोल्हापुरात फौंड्रीत सुपरवायझर. निरोप गेल्यावर तो आला, आप्पांच्या पायाला लागलेले काटे त्यानं स्वतःच्या हातानं काढले, आणि मग मला परसात बोलावलं.

“असं नाही चालायचं, मालन. एक दिवस आपल्याला पाण्यातनं काढायला लागतील.”

“मग काय करू? अंगणवाडी सोडू? समोरच्या गोदाक्का बघतात सकाळी, पण त्यांचंही वय झालंय.”

“मी कोल्हापूरला नेतो. एक खोली रिकामी आहे. बाहेरनं कडी घालता येते.”

“खोलीत कोंडणार?”

“मग तू सांग दुसरं काही.”

मग तोच म्हणाला, “अंगणाला कुंपण घालू. चांगलं उंच, लाकडी. अंगणात, परसात फिरू देत की मोकळे. फाटकाला बाहेरनं कडी. तू अंगणवाडीत असशील तेवढाच वेळ लावायची. तू आलीस की उघडायची.”

खोलीपेक्षा ते बरं वाटलं. अंगण होतं, आभाळ होतं, रताळ्याचा वाफा होता. मी हो म्हटलं.

“आप्पांना काय सांगायचं?”

“डुकरं येतात म्हणून सांग,” दादा म्हणाला. “खरं सांगून कशाला उगीच त्यांच्या जिवाला घोर? आणि सांगितलं तरी राहणार आहे का ध्यानात?”

दादा गारगोटीहून सुतार आणणार होता. आप्पांनी ते ऐकलं मात्र, ओट्यावरून ताडकन उठले. “माझ्या घराला दुसरा सुतार? मी मेलो काय?” आणि तेवढ्यावर ठरलं. कुंपण आप्पाच बांधणार. दादा मला हळूच म्हणाला, “बरंच झालं. हात गुंतून राहतील.”

दोन वर्षांपूर्वी वादळात परसातलं जांभळाचं झाड पडलं होतं. आप्पांनी तेव्हाच त्याच्या फळ्या चिरून माळ्यावर रचून ठेवल्या होत्या. खांबांसाठी जुन्या गोठ्याचे ऐनाचे वासे होते. दिवाळी संपली आणि आम्ही सुरुवात केली.

सकाळी गोदाक्का त्यांच्याजवळ बसायच्या. मी अंगणवाडी उरकून दीड वाजता घरी यायची, दोन घास खायची आणि पदर खोचून त्यांच्या हाताखाली उभी राहायची. जन्म सुताराच्या घरात झाला, पण तोवर मी कधी रंधा धरला नव्हता. पोरींनी हत्याराला हात लावायचा नसतो असं आईचं म्हणणं, आणि आप्पांनी ते कधी मोडलं नव्हतं. आता मोडलं. किंवा तेही विसरले असतील.

“दाबू नकोस. रंध्याला त्येची वाट ठावं हाय. तू नुसती मागनं चाल.”

फळीवरून पातळ, लांब वेटोळं निघालं तेव्हा मी लहान पोरीसारखी ओरडले. आप्पांनी ते वेटोळं उचललं, उजेडात धरलं आणि म्हणाले, “जमतंय की तुला. तुझी आय उगीच आडवी आली. सर्जाच्या ऐवजी तुलाच शिकवायला पायजे हुतं.”

खांबांची बुडं आम्ही जाळात भाजून काळी केली, म्हणजे वाळवी धरत नाही. वर डांबर लावलं. सहा-सहा फुटांवर दोन-दोन हात खोल खड्डे मी खणले. आप्पा ओळंबा लावून खांब उभा करायचे, मी भोवतीनं दगड ठोकून बसवायची. खांब हलवून बघायचे, आणि नाही हलला की त्याच्यावर थोपटायचे, बैलाच्या वशिंडावर थोपटावं तसं. त्या दिवसांत ते एकदाही पिशवी घेऊन निघाले नाहीत. कशाला निघतील? काम घरातच चालू होतं. भूक लागायची, झोप लागायची. माझं नाव चुकत नव्हतं. मला एकदा वाटून गेलं की हे कुंपण संपूच नये. संपलं नसतं तर त्याची गरजही पडली नसती.

फक्त तो प्रश्न.

दिवसातून पाच वेळा, सात वेळा. हातातलं काम थांबायचं, मान वर व्हायची आणि, “हे कुंपण कशापायी गं?” पहिल्या दिवशी उत्तर देताना माझी जीभ अडखळली होती. दुसऱ्या दिवशी नाही अडखळली. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्या डुकरांना पिल्लं जोडली. मग एक मोठा सुळ्याचा डुक्कर आला, त्यानं म्हणे गोदाक्कांच्या दाराशी येऊन फुसफुस केलं. गोदाक्काही मान हलवायच्या. मी त्यांना सांगून ठेवलं होतं. आप्पांना ते प्रत्येक वेळी नवंच असायचं. डोळे मोठे करून ऐकायचे. मला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडतंय? अंगणवाडीतल्या पोरांना नाही का मी बागुलबुवाच्या गोष्टी सांगत?

एकदाच ते अडले.

“उंची किती म्हणालीस?”

“पाच फूट. दादानं सांगितलंय.”

“पाच?” त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली. “डुक्कर उडी मारतंय व्हय?”

“वानरं पण येतात की, आप्पा.”

“वानराला पाच फूट म्हंजे पायरी झाली.” ते जरा वेळ माझ्याकडं बघत राहिले. “डुकराला अडीच लई झालं. वानराला पंचवीस बी कमी. पाच फूट कुणाला?”

“दादाला तसं हवंय,” मी म्हटलं. “घर शोभून दिसतं म्हणतो.”

“सर्जाला काय कळतंय,” ते म्हणाले आणि पाच फुटांची खूण केली.

नवव्या दिवशी रविवार होता. दादा आला. रस्त्याच्या बाजूचा सगळा पट्टा तोवर उभा राहिला होता. खांब, खांबांना दोन आडवे दांडे, आणि दांड्यांवर बाहेरच्या अंगानं उभ्या फळ्या, एकीला एक चिकटून. इतकं सरळ काम की येणारे-जाणारे उभे राहून बघायचे. दादानंही बाहेरून बघितलं, खूश झाला. मग आत आला आणि त्याचा चेहरा उतरला.

मला त्यानं विहिरीकडं नेलं. “मालन, हे काय केलंत? दांडे आतनं आहेत.”

“मग?”

“मग काय? शिडी झाली की ती. खालच्या दांड्यावर पाय, वरच्या दांड्यावर पाय, झाले बाहेर. आयुष्य शिड्यांवर गेलंय त्यांचं. फळ्या आतनं पाहिजेत. गुळगुळीत बाजू आत.”

“आता काढायच्या?”

“काढायलाच पाहिजेत. नाहीतर केलं कशाला एवढं?”

तो आप्पांकडं गेला आणि सरळ म्हणाला, “आप्पा, फळ्या उलट्या बाजूला मारू या. आतल्या अंगाला.”

आप्पांना राग आला नाही. ते समजावून सांगायला लागले, एखाद्या नव्या गड्याला सांगावं तसं. “सर्जा, हिकडं बघ. जोर ज्या अंगानं येणार त्या अंगाला फळी मारायची. डुक्कर येणार भायेरनं. धडक दिली की फळी दांड्यावर दाबली जाती, आनि घट्ट हुती. आतनं मारलीस तर दोन धडकांत खिळे उपसून फळी भुईला.”

“तरी पण आतनंच हवंय.”

“आरं, आतल्या अंगाला फळी कोंडवाड्याला मारत्यात. जनावर आत ठेवायचं आसंल तवा. जोर आतनं येतो म्हनून…”

आणि ते थांबले.

दादा माझ्याकडं बघत होता. मी पुढं झाले. मला एवढंच कळत होतं की हे बोलणं इथंच तुटलं पाहिजे.

“आप्पा, असू दे. माझ्यासाठी करा. मला आतनं साफ बाजू पाहिजे. मी दिवसभर अंगणात असते, मला ते खांब-दांडे डोळ्यांपुढं नकोत.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

“तुला तसं पायजे?”

“हो.”

“तुला पायजे, मालन?”

“हो म्हटलं ना, आप्पा.”

“बरं,” ते म्हणाले.

त्यांनी हातोडा उचलला आणि स्वतःच्या हातानं मारलेला पहिला खिळा उपसला. आम्हाला सगळा पट्टा काढायला दोन दिवस लागले. वाकडा झालेला प्रत्येक खिळा आप्पा दगडावर ठेवून ठोकून सरळ करत होते. मग दांडे काढून बाहेरून मारले, फळ्या आतून. दोन्ही बाजूंचं आणि मागचं कुंपणही तसंच उभं राहिलं. कामात कुठं कसूर नव्हती. उलट आधीपेक्षा जास्तच खिळे मारले त्यांनी. एका फळीला चाराऐवजी सहा. “जोर आतनं येनार,” एवढंच म्हणाले.

त्या सगळ्या दिवसांत आप्पा फार बोलत नव्हते. मला वाटलं, थकलेत. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, पण मी तिचा विचार केला नाही. कुंपण कशापायी, हा प्रश्न त्यांनी त्या रविवारनंतर एकदाही विचारला नाही. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. विसरले प्रश्नसुद्धा.

फाटक बसवायचं राहिलं. ते आप्पांनी एका दिवसात जुळवलं, अडीच फूट रुंद, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बिजागऱ्यांवर उभं केलं. एका बोटानं ढकललं तरी न कुरकुरता फिरायचं. मी घरातनं चहा घेऊन आले तेव्हा ते कडी हातात घेऊन फाटकाच्या बाहेर, रस्त्यावर उभे होते.

“कडी भायेरनंच न्हवं?”

“हो. दादा म्हणाला तसं.”

“वर लावू का खाली?”

“वरच लावा. मला वाकायला नको.”

ते फाटक ओढून आत आले, मान वर करून उभे राहिले आणि आपला उजवा हात फाटकावरून बाहेर सोडला. खांदा फाटकाला टेकला. हात कोपरापर्यंत बाहेर गेला आणि बोटं फाटकाच्या बाहेरच्या अंगानं चाचपत खाली आली.

“वर नको,” ते म्हणाले. “वर लावली तर माझा हात पोचतोय.”



ते परत बाहेर गेले, खाली बसले, मांडीच्या उंचीवर पेन्सिलीनं खूण केली. सामत्यानं भोकं पाडली. कडी बसवली, कोयंडा बसवला, स्क्रू आवळले. मग आत आले आणि मला म्हणाले, “चहा ठेव तितं. तू भायेर जा आनि लाव. बघू बसतीय का.”

मी बाहेर गेले. फाटक ओढलं, वाकले आणि कडी लावली. पलीकडनं आप्पांनी दोन्ही हातांनी फाटक हलवून बघितलं. मग पुन्हा हात वरून सोडला. त्यांची बोटं कडीच्या वर वीतभर थांबली. हात तसाच लोंबकळत राहिला, डांबरानं काळा झालेला, अंगठ्याचं नख फुटलेला.

“बसली,” ते आतून म्हणाले.

मला फक्त तो हात दिसत होता.

“मालन.”

“काय, आप्पा?”

“डुकराचं नाव कशाला घेतलंस गं?”

मी कुंपणाला धरून उभी राहिले.

“मी हरवतोय, ते मला कळतं. सगळ्या येळी न्हाई कळत. पन कळतं. नदीत हुतो ते बी मला आठवतंय. तू म्हनाली असतीस, आप्पा, तुमच्यासाठी बांधायचंय, तर मी न्हाई म्हटलो असतो व्हय? आपल्या हातानं बांधलं असतं. हेच्यापेक्षा चांगलं बांधलं असतं.”

“आप्पा, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…”

“रोज ईचारलं मी तुला. कितींदा ईचारलं, मला ठावं न्हाई. तुला ठावं आसंल.” हात वर ओढला गेला. “एकदा तरी खरं सांगायचंस.”

“तुम्हाला कधी कळलं?”

“फळ्या उलट्या करायला लावल्यास तवा. सर्जा म्हटला तवर मी म्हटलं, त्याला कामातलं कळत न्हाई. तू म्हटलीस तवा कळलं.” मग ते म्हणाले, “तू म्हटलीस म्हनूनच ध्यानात बी ऱ्हायलं.”

मी कडी काढून आत आले तोवर ते पाठमोरे होऊन हत्यारं पुसत होते. चहावर साय धरली होती. त्यांनी तो प्यायला नाही.

पुढच्या रविवारी दादा पितळी कुलूप घेऊन आला. कडी पुरेशी नाही, येणारा-जाणारा कुणीही काढेल, असं त्याचं म्हणणं. नुसत्या कडीवर ठरलं होतं, अंगणवाडीच्या वेळेपुरतं ठरलं होतं, हे मी बोलायला गेले तर म्हणाला, “आता एवढं केलंयच तर नीट करू.” एक किल्ली मला दिली, एक स्वतःजवळ ठेवली. आप्पा ओट्यावर बसून बघत होते.

“सर्जा,” त्यांनी हाक मारली. “ही अक्कल कुनाची?”

दादा गडबडला. त्याला माहीत नव्हतं की आप्पांना सगळं कळलंय. मी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “मालनची, आप्पा. ती एकटी पडते हितं. मी म्हणत होतो कोल्हापूरला चला, पण तिला हेच बरं वाटलं. मग मी काय करणार?”

मी तोंड उघडलं. पण बोलणार काय? त्यातलं कुठलं वाक्य खोटं होतं? मला हेच बरं वाटलं होतं. डुकरांना पिल्लं मीच जोडली होती. फळ्या आत मला पाहिजेत, हे मीच म्हटलं होतं, दोनदा. दादानं कुंपणाची कल्पना काढली आणि माझ्या हातात देऊन तो बाजूला झाला, आणि ती मी घेतली. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो कुलूप उघडझाप करून बघत होता.

आप्पांनी एवढंच म्हटलं, “आसूं दे. तिनं मला बघायचंय, तिनंच ठरवायचं.” दादाच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. तो जेवला, संध्याकाळच्या एसटीनं गेला. आमचं बोलणं त्या दिवसापासून कामापुरतं झालं. अजूनही तसंच आहे.

मी ते कुलूप एकदाही लावलं नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी मला ती कडीसुद्धा लावावेना. अंगणवाडीला आठ दिवसांची रजा टाकली, फाटक सताड उघडं ठेवलं आणि आप्पांना म्हटलं, “चला, नदीपर्यंत जाऊन येऊ. मी येते बरोबर.”

ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले. तिथं थांबले. बाहेर रस्ता होता, पलीकडं गोदाक्कांचं घर, त्यांची म्हैस रवंथ करत बसलेली. आप्पांनी सगळं बघितलं आणि मागं वळले.

“चला की.”

“नको.”

“मी आहे ना बरोबर.”

“नको,” ते म्हणाले. रागावून नाही. मला वाटतं, रागावले असते तर मी पायाशी पडून माफी मागितली असती. ते ओट्यावर जाऊन बसले.

त्यानंतर आप्पा चौदा महिने जगले आणि त्या फाटकाबाहेर त्यांनी पाऊल टाकलं नाही. पिशवी पुन्हा खांद्याला लावली नाही. हळूहळू देवळाचा दरवाजा विसरले, पाटलांचा गोठा विसरले, रंधा कुठल्या हातात धरायचा तेही विसरले. उन्हाळा लागला तेव्हा दादा आला, तर त्याला त्यांनी विचारलं, “पावनं कुठलं?” आणि आषाढात एका सकाळी मी भाकरी पुढं ठेवली, तेव्हा मला म्हणाले, “बाई, तुमी कुनाच्या?”

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, ऐकून घेतलं आणि जेवले. तेव्हापासून मी बाईच राहिले. फार नीट वागायचे माझ्याशी. परक्या बाईशी वागावं तसं, नजर खाली ठेवून.

मी फाटक उघडंच ठेवायची. कुठंतरी वाटायचं, एक दिवस उठतील आणि जातील. गेले तर मी मागनं जाईन, हाताला धरून आणीन. पण ते ओट्यावरून बघत बसायचे आणि जरा वेळानं अस्वस्थ व्हायचे. उठायचे, बसायचे. शेवटी हाक मारायचे.

“ओ बाई. फाटक उघडं ऱ्हायलंय.”

“राहू दे, आप्पा. वारा येतोय.”

“न्हाई, लावा. म्हातारा मानूस हाय घरात.”

कडी बाहेरच्या अंगाला. आतून लावता येत नव्हती. मग मी हातातलं काम ठेवायची, बाहेर जायची, फाटक ओढायची आणि वाकून कडी लावायची. आत आप्पा फाटक हलवून बघायचे. हललं नाही की त्यांची पावलं ओट्याकडं जाताना ऐकू यायची. मी रस्त्यावर उभी राहायची. गोदाक्का दारातून बघायच्या. आप्पांना झोप लागेपर्यंत मी तिथंच उभी असायची, आणि मग हळूच कडी काढून आत यायची.